रेवाचा डावा डोळा

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी काय नोकरी करत होते ते आजतागायत कळलेलं नाही. मी निवृत्त झाले त्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "सुटलीस बाई एकदाची. या वयात दिवसभर गेम खेळायचं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं." मी "हो ना" म्हटलं. तिसरा मजला येईपर्यंत माणूस आणखी काय सांगणार? दिवाळी अंकाचं पान लिफ्टपेक्षा सावकाश चालतं, म्हणून त्यांना जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. त्या वाचतील याची खात्री नाही, कारण त्यांच्या मते डोळे जपायला हवेत.

मी गेम खेळत नव्हते. वारज्याला हायवेच्या कडेला एका इमारतीत गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे मी कथेची संगती तपासायचे. त्याआधी निम्मं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं. छापखाना बंद पडला तेव्हा ओळखीतून कळलं की या मुलांना मराठी संवाद वाचून देणारं कुणीतरी हवंय. गेले ती तिथलीच झाले. मालकाचं नाव मंदार, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. तो मला पहिल्या दिवसापासून "काकू" म्हणायचा. ऑफिसात काकू म्हणू नकोस असं दोन-चारदा सांगितलं, मग नाद सोडला.

आमच्या गेमचं नाव 'सातघाटी'. एका मोठ्या नदीकाठी सात घाट, प्रत्येक घाटावर एक राज्य, जादूटोणा, राक्षस, राण्या, दगाफटका, सगळं यथासांग. खेळणाऱ्याने एक पात्र व्हायचं आणि त्या मुलखात हिंडायचं. वाटेत माणसं भेटतात, त्यांच्याशी बोलायचं, मदत करायची की फसवायचं ते आपण ठरवायचं, आणि ठरवू तशी गोष्ट पुढे वळते. कादंबरीत लेखक आपल्याला हात धरून नेतो, इथे आपण त्याचा हात सोडून गल्लीबोळात घुसतो. त्यामुळे गल्लीबोळातसुद्धा सगळं बरोबर असावं लागतं. पहिल्या घाटावर माणूस मेला असेल तर चौथ्या घाटावर तो ताक पीत बसलेला दिसता कामा नये. हे बघणं माझं काम.

आणि तसा तो बसलेला दिसायचाच. कारण गर्दीतली माणसं कुणी नव्याने काढत नाही, जुनीच इकडून उचलून तिकडे बसवतात. एकदा असाच एक मेलेला शिपाई जत्रेत पाळण्यापाशी उभा राहिला. खेळणाऱ्यांनी आठ दिवस त्याचं श्राद्ध घातलं. "मेल्यावर तरी माणसाला जत्रा बघू द्या," असं एकाने लिहिलं होतं. पुणेकरच असणार.

हे लिहायची जागा म्हणजे 'चावडी'. कंपनीच्या वेबसाइटवर खेळणाऱ्यांसाठी बोलायला जागा केली होती, तिचं हे नाव. चावडी सांभाळायचं कामही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. तिथे दोन पंथ होते. एक कथेवाले. त्यांना चित्रं कशीही चालत, माणसाचा हात भिंतीतून आरपार गेला तरी ते चकार शब्द काढत नसत. पण तिसऱ्या घाटावर म्हातारा म्हणाला होता की पूल जळला, मग सहाव्या घाटावरचा व्यापारी पुलावरून आला कसा, यावर त्यांची रात्रीची झोप उडायची. दुसरे चित्रवाले. त्यांना गोष्ट काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, नदीच्या पाण्यात चंद्र हलतोय का एवढंच ते बघायचे. दोघांचं भांडण कधी संपलं नाही. "तुम्ही पुस्तकच वाचा ना, गेम कशाला खेळता?" "आणि तुम्ही कॅलेंडर टांगा भिंतीवर, झालं!" हे मी वर्षानुवर्षं वाचलं. वाचून वाचून माझे हात टेकले. खरं सांगायचं तर दोघांचंही पटायचं, आणि दोघांचाही कंटाळा यायचा.

चावडीवर एकच नियम मी कडक पाळला. कंपनीत काम करणाऱ्या कुणाचंही नाव तिथे लिहायचं नाही, लिहिलं की ती ओळ मी तिथल्या तिथे उडवणार, चांगलं लिहिलं असो की वाईट. कारण एकदा आमच्याकडे संगीत करणारी एक मुलगी होती. लढाईचं संगीत आवडलं नाही म्हणून लोकांनी तिचं नाव शोधून काढलं, तिचा फोन नंबर शोधून काढला आणि तिचं जगणं मुश्कील केलं. ती नोकरी सोडून गावी गेली. त्यानंतर मी कानाला खडा लावला. ओळ उडवायची सोय माझ्याकडे होती आणि मंदारकडे होती, पण मंदारला त्याचा पासवर्ड कधीच आठवायचा नाही.

आता सलीमभाईंबद्दल.

'सातघाटी'च्या पहिल्या भागातली सगळी माणसं एकट्या सलीमभाईंनी काढली होती. वय माझ्याएवढंच. गंज पेठेत तीन पिढ्यांचं घर. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, सलीमभाईही तेच शिकले. फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या, तेव्हा हा माणूस चाळिशीत कॉम्प्युटर शिकला. ऑफिसात सगळ्यांत कमी बोलायचे. स्कूटर लावायची, टिफिन ठेवायचा, चष्मा पुसायचा आणि बसायचं. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांना भाई. दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो, कारण बाकीचे सगळे कॉफीवाले.

त्यांनी काढलेल्या माणसांत एक रेवा होती. रेवा नावाडीण. पूर्वेच्या घाटावरून पश्चिमेच्या घाटावर माणसं नेणारी, चाळिशीची, रापलेली, कमी बोलणारी. तिच्या सख्ख्या भावाच्या बाणाने तिचा डावा डोळा गेलेला. ती स्वतःच सांगते, "डावीकडून येऊ नकोस बाबा, त्या बाजूचं मला दिसत नाही. भावानेच केलंय." भुवईपासून गालापर्यंत व्रण आणि मिटलेला डोळा. गेममध्ये तिला फार काम नव्हतं. पण लोकांनी राण्या सोडून हिलाच डोक्यावर घेतलं.

आणि गोंधळ तिच्या त्या डोळ्यात होता. पहिल्या भागाची चित्रं सपाट होती, कागदावरची असतात तशी. अशा चित्रात माणूस उजवीकडे चालताना एकदा काढायचा आणि डावीकडे चालायला लागला की तेच चित्र कॉम्प्युटरने उलटवायचं. सगळेच असं करतात. निम्मं काम वाचतं, निम्मी जागा वाचते. आता आरशात आपला भांग जसा दुसऱ्या बाजूला जातो तसं उलटवलेल्या चित्रात सगळंच दुसऱ्या बाजूला जातं. राणीची नथ उजव्या नाकपुडीत गेली, तलवार डाव्या हातात गेली. आणि रेवा पूर्वेला निघाली की तिचा डावा डोळा मिटलेला, पश्चिमेला वळली की उजवा.

मी तेव्हाच मंदारला सांगितलं होतं. सलीमभाईही म्हणाले होते, "मी हिची दुसरी बाजू वेगळी काढून देतो, आठवडा लागेल." मंदार म्हणाला, "काकू, कोण बघतंय?"

सगळे बघत होते.

चावडीवर आधी थट्टा झाली. मग कथेवाल्यांनी चौकशी बसवली. मग एके दिवशी 'गाळेवाला' या नावाने लिहिणाऱ्या एकाने चार ओळी टाकल्या: "येक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वेला जाती ती येक, पश्चिमेला जाती ती दुसरी. दोघी जुळ्या बहिनी हायत. भावानं दोघींवर बाण टाकला. येकीचा डावा गेला, येकीचा उजवा. म्हनून दोघी येका घाटावर कधी दिसत न्हाईत."

बस्स! आग लागली. कथेवाले आणि चित्रवाले आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला आले. कुणी दोघींची चित्रं शेजारी ठेवून दाखवली, पश्चिमेला जाणारीच्या चेहऱ्यावर दुःख जास्त आहे म्हणून. कुणी दुसरीला नाव दिलं. कुणी त्यांच्या आईची गोष्ट लिहिली, ती वाचून मला रडू आलं, आणि मला माहीत होतं की यातलं काहीच खरं नाही, एक चित्र उलटवलंय एवढंच. मी काही बोलले नाही. कंपनीने कथेबद्दल चावडीवर बोलायचं नाही असा संकेत होता. सलीमभाईंना मी हे चहाच्या वेळी वाचून दाखवायचे. ते हसायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "काय काय बघतात लोक!" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारायचे, "ताई, आज काही लिहिलं का कुणी?"

अशी काही वर्षं बरी गेली. मग दुसरा भाग आला.

दुसऱ्या भागाची चित्रं सपाट नव्हती, चहूबाजूंनी दिसणारी होती. त्यासाठी शौनक नावाचा तरुण मुलगा आणला, त्याच्या हाताखाली आणखी पोरं. सलीमभाईंना कोपऱ्यातली जागा मिळाली आणि भांडीकुंडी, झाडं, दगड अशी कामं. शौनक वाईट मुलगा नव्हता. त्याचा हात देखणा होता. त्याने पहिलं मोठं चित्र केलं ते रेवाचं: संध्याकाळची नदी, होडीत उभी रेवा, पाण्यात सोनं सांडलेलं. बघत राहावं असं. फक्त तिचा मिटलेला डोळा उजवा होता.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅम, लाइट डावीकडून येतोय ना. डावा डोळा क्लोज केला तर फेस डेड वाटतो. आणि ओल्ड गेममध्ये राइट आय पण आहेच की."

"अरे पण ती तोंडाने डावा सांगते."

"डायलॉग चेंज करू ना मग, मॅम."

मी लिहून कळवलं. मंदार म्हणाला, "काकू, एवढं सुंदर व्हिज्युअल झालंय, आणि तुम्ही डोळे काय मोजताय? कोण बघतंय?" आणि चित्र चावडीवर गेलं.

एवढं भांडण मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चित्रवाले म्हणाले, असं काम आपल्याकडे कधी झालंच नाही, डोळा गेला उडत. कथेवाले म्हणाले, ज्यांना आपल्या माणसाचा कुठला डोळा गेला ते आठवत नाही त्यांच्याकडून आम्ही गोष्ट का ऐकावी? जुळ्या बहिणीवाले म्हणाले, बघा, दुसरी आली! आणि सगळ्यांनी मिळून एकच विचारलं: कंपनीने एकदा सांगून टाकावं, डोळा कुठला?

मंदारने मला केबिनमध्ये बोलावलं. "काकू, तुमच्या भाषेत चार ओळी लिहा. पहिल्या भागात डावा डोळा ही आर्टिस्टची चूक होती. ओरिजिनल आयडिया उजव्याचीच. दुसऱ्या भागात आम्ही ती दुरुस्त केलीय. फिनिश."

मी म्हटलं, "चूक नव्हती ती. सलीमभाईंनी डावाच काढला होता, सांगितलं होतं तोच. उलटवायचं आपण ठरवलं. ते दुसरी बाजू काढून देत होते, तू नको म्हणालास."

"अहो, नाव कुठे घेतोय आपण? 'आर्टिस्ट' म्हणतोय नुसतं."

"पहिल्या भागाला आर्टिस्ट एकच होता मंदार. गेमच्या शेवटी नाव येतं त्यांचं. एकट्याचं."

"शेवटची नावं कोण बघतंय?"

या माणसाला मी इतकी वर्षं काकूच्या मायेने वागवलं, पण त्या दिवशी मनापासून राग आला. मी म्हटलं, "मी लिहिणार नाही." तो म्हणाला, "सोमवारपर्यंत विचार करा. नाहीतर मी लिहितो."

सलीमभाईंना सांगायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण सोमवारी त्यांनी चावडीवर वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं, असं मला वाटलं. चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"चूक म्हणाले?"

"हो."

"वडील पाटी रंगवायचे ना ताई, तर अक्षर चुकलं की दुकानदार पाटी परत धाडायचा. हातगाडीवर ठेवून, उघडी. सगळ्या पेठेला दिसायची. वडिलांची एकही परत आली नाही. खाली कोपऱ्यात एवढंसं नाव टाकायचे, त्याचा केवढा मान होता." मग म्हणाले, "मला काही मिळवायचं नाही आता. दगड काढायला दिले, दगड काढतो. फक्त माझ्या नावाला हे चिकटवून मला घरी पाठवू नका. मुलीच्या सासरचे लोक खेळतात तो गेम. अभिमानाने सांगतात, आमच्या व्याह्यांनी काढलाय म्हणून."

"मी लिहिणार नाही" एवढंच पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील." ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक गृहस्थ आलेत. चावडीवाल्या ताईंना भेटायचंय म्हणतात. सोबत पोतं आहे."

खाली गेले तर पांढरा सदरा, टोपी, पायात कोल्हापुरी, साठीचे गृहस्थ. पोत्यात कांदे. "मी गाळेवाला," म्हणाले. "मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत हाय आपली. समदे अण्णा म्हनत्यात."

इतकी वर्षं मी या माणसाच्या ओळी वाचत होते. माझ्या मनात कुणी कॉलेजातला मुलगा होता, गंमत म्हणून गावच्या बोलीत लिहिणारा. मी म्हटलं, "अहो, तुम्ही गेम खेळता?"

"लिलाव झाला, माल गेला, की काय करायचं गाळ्यात बसून? माश्या मारायच्या?" अण्णा म्हणाले. "पत्त्यापेक्षा बरं. पत्त्यात भांडनं हुत्यात." ते चावडीवर काय करत होते हे मी त्यांना विचारलं नाही.

वर मीटिंगच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, लोक काय बी बडबडत्यात. मला तुम्ही खरं सांगा. त्या दोघी हायत का येक?"

सोमवारची चार ओळींची गोष्ट माझ्या डोक्यात होती. कंपनीचा संकेत होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले, तर अण्णा म्हणाले, "र्‍हाऊ द्या. काढली कुनी ती? त्यांना बलवा."

मी सलीमभाईंना बोलावलं. ते दारात उभे राहिले, चष्मा हातात. अण्णांनी उठून हात जोडले आणि तोच प्रश्न विचारला. मला वाटलं, सलीमभाई दोन म्हणतील. म्हटलं असतं तर अण्णा पोतं ठेवून आनंदाने गेले असते, दुसऱ्या दिवशी सगळ्या चावडीवर झालं असतं की चित्रकाराने स्वतः सांगितलं, आणि मंदारच्या चूक-बिकीला कुणी विचारलं नसतं. त्यांच्या नावावरचं बालंट त्या एका शब्दाने टळत होतं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवलीसुद्धा, की म्हणा.

सलीमभाई म्हणाले, "मी एकच काढली होती."

मग त्यांनी उलटवण्याची सगळी रीत समजावून सांगितली. हाताचा पंजा समोर धरून, मग फिरवून. अण्णा नीट ऐकत होते.

"आसं," ते म्हणाले. "मंग पश्चिमेला जाती तिच्या तोंडावर दुक्ख जास्त दिसतंय ते?"

"ते मी नाही घातलं, अण्णा. चेहरा तोच आहे. ते तुम्ही बघितलंत."

मला वाटलं, मोडलं याचं मन. पण ते टोपी चाचपत म्हणाले, "माजा धाकला भाऊ समोरच्याच गाळ्यात बसतो. गावची जमीन बिल्डरला गेली तवापास्नं बोलनं न्हाई. तोंडावळा येकच, म्हनून लोकांना वाटतं आडत्या बी येकच हाय. आमी दोघं येका जागी कधी दिसतच न्हाई ना." मग स्वतःच हसले. "मला वाटलं तुमाला ठावं आसंल. म्हनून काढलं आसंल."

सलीमभाईंनी त्यांच्यासाठी स्वतः चहा आणला. दोघं अर्धा तास बसले. गेम राहिला बाजूला, मार्केट यार्डात पूर्वी कुठल्या गाळ्याची पाटी कुणी रंगवली होती हे निघालं, आणि अण्णांच्या वडिलांच्या गाळ्याची पाटी सलीमभाईंच्या वडिलांनी रंगवली असावी इथपर्यंत गाडी गेली. खात्री दोघांनाही नव्हती. सोमवारी काय होणार आहे तेही बोलण्याच्या ओघात निघालं. सलीमभाईंनी नाही, मी सांगितलं. जाताना अण्णा म्हणाले, "म्या कुनाला सांगनार न्हाई येकच हाय म्हनून. सांगून काय, बाजार उठंल." कांद्याचं पोतं ठेवून गेले. ते कांदे ऑफिसातल्या सगळ्यांनी नेले, मंदारने सगळ्यांत जास्त.

नेता नेता त्याने विचारलं, "कोण होते हे?" मी म्हटलं, "दोन बहिणींची गोष्ट यांनी काढली." "काकू, ती थिअरी एवढी पॉप्युलर आहे?" म्हटलं, "जरा चावडी वाच कधीतरी." ते मी का बोलले, देव जाणे. त्याने शनिवार-रविवार चावडी वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी केबिनमध्ये गेले तेव्हा मंदारचा चेहरा फुललेला. "काकू, चूकबिक कॅन्सल. नवीन लिहा. दोन बहिणी ही आमच्या टीमची पहिल्यापासूनची योजना होती. आम्ही मुद्दाम लपवून ठेवलं. दुसऱ्या भागात दोघी समोरासमोर येणार!"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. वर्षानुवर्षं लोकांनी कष्टाने एक बीळ केलं, आणि हा जाऊन त्यात फणा काढून बसला.

"ही योजना कुणाची होती म्हणे?"

"टीमची."

"मंदार, तू म्हणाला होतास कोण बघतंय."

"काकू, प्लीज."

मी तेही लिहिलं नाही. बाहेर येऊन सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "लिहा हो ताई. बट्टा तर गेला ना." आणि दगड काढायला लागले. ते खरंच होतं, बट्टा गेला होता. पण त्यांच्या रेवाला आता बापच राहिला नव्हता. आधी चूक झाली ती यांची, आणि आता गोष्ट झाली ती टीमची. मला या नोकरीचा इतका कंटाळा त्याआधी कधी आला नव्हता. प्रुफं तपासताना निदान लेखकाचं नाव पहिल्या पानावर राहायचं, ते कुणी ढापत नव्हतं.

मंदारने स्वतः लिहिलं आणि साडेअकराला चावडीवर टाकलं. लोकांनी फटाके फोडले. "म्हणजे आपण बरोबर होतो!" "काय दूरदृष्टी!" "टीमला सलाम!" अभिनंदनाचा तो पूर मी बसून वाचत होते, कारण वाचण्यासाठीच मला पगार होता.

जेवणाच्या सुट्टीआधी गाळेवाल्याची ओळ आली.

"दोघी हायत, बराबर हाय. येक सलीम अत्तारभाईंनी काढली, ते गंज पेठंतले, पाटीवाल्यांचे. दुसरी आमी लोकांनी बघितली. कंपनीनं कंची काढली, ते कंपनीनं सांगावं."

मी ती दोनदा वाचली. खाली लोक विचारू लागले, कोण हे सलीमभाई? कुणीतरी पहिल्या भागाच्या शेवटच्या नावांचा फोटो टाकला. चित्रं: सलीम अत्तार. एकट्याचं नाव. कुणीतरी लिहिलं, "भाई, ती आमची रेवा तुमची होय!" मग आणखी एकाने, मग आणखी. कथेवाले आणि चित्रवाले, दोघंही.

तेवढ्यात मंदारचा फोन. "काकू, ती ओळ काढा. तुमचाच नियम आहे, नाव लिहायचं नाही. आत्ता काढा."

"तुझ्याकडे पासवर्ड आहे ना?"

"तो कुठे आठवतोय मला!"

नियम माझाच होता. एका मुलीसाठी केलेला आणि मी तो एकदाही मोडला नव्हता. मी उठून सलीमभाईंच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांना ती ओळ वाचून दाखवली, अण्णांच्या बोलीसकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"परत वाचा," म्हणाले.

मी परत वाचली. मग जागेवर येऊन पर्स घेतली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कर्वेनगरला घरी येऊन आडवी झाले. फोन वाजत होता. दुपारी एक ते चार पुण्यात कुणी काही काम करत नाही, हे मंदारला इतक्या वर्षांत समजायला हरकत नव्हती.